हृदयाच्या यंत्रातील सेल का बदलता येत नाही? शरीरातील ओलीचा मसला

आमच्या गांधीबाग बाजारात एक वयोवृद्ध दलाल आहेत. सगळा बाजार त्यांना चाचा म्हणतो. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत पेसमेकर बसविण्यात आला. अलीकडच्या तपासणीत डॉक्टरांनी सांगितले की बॅटरी संपत आली आहे, आता यंत्र बदलावे लागेल. चाचांनी दुकानावर बसून दोन प्रश्न केले. पहिला असा की, मनगटी घड्याळाचा सेल संपला तर आपण सेल बदलतो, घड्याळ फेकत नाही. मग इथे सबंध यंत्रच नवे का घ्यायचे? दुसरा प्रश्न त्यांच्या नातवाने डोक्यात भरविलेला होता. त्याने मोबाईलवर वाचून दाखविले होते की हृदयाच्या ठोक्यांवरच वीज तयार करणारा, बॅटरी नसलेला पेसमेकर निघाला आहे. तर मग वर्ष-दोन वर्षे थांबून तोच का बसवू नये?

दोन्ही प्रश्न अस्सल व्यापाऱ्याचे आहेत. माल घेण्यापूर्वी असे विचारलेच पाहिजे. मी डॉक्टर नाही, आयुष्य कापडात गेले आहे. पण या विषयाची चौकशी करता करता लक्षात आले की दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी येऊन थांबते, आणि ते ठिकाण कापडवाल्याला चांगले ओळखीचे आहे. ते म्हणजे ओल. नमी म्हणा, दमटपणा म्हणा.

शू-पॉलिशच्या डबीपासून सुरुवात

पूर्णपणे शरीराच्या आत बसविलेला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये, स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का रुग्णालयात बसविला गेला. यंत्र रूने एल्मक्विस्ट या इंजिनिअरने केले होते आणि शस्त्रक्रिया डॉ. ओके सेनिंग यांनी केली. रुग्णाचे नाव आर्ने लार्सन, वय ४३. यंत्राचे भाग एकत्र ठेवून त्यावर इपॉक्सी, म्हणजे आपल्याकडे दोन ट्यूब मिसळून जे चिकटवायचे द्रव्य मिळते त्याच जातीचे द्रव्य, ओतले गेले. साचा म्हणून शू-पॉलिशची डबी वापरली होती. ते यंत्र काही तासांतच बंद पडले. लगेच दुसरे बसविले, तेही फार टिकले नाही. लार्सन मात्र पुढे वीसहून जास्त पेसमेकर बदलून २००१ सालापर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले.

इपॉक्सी हाताला दगडासारखे लागते. त्यातून पाणी झिरपेल असे कोणाला वाटणार नाही. पण पाण्याची वाफ ही वेगळी चीज आहे. लग्नमंडपात रात्री बांधलेला फुगा सकाळी लोंबतो. त्याला भोक पडलेले नसते, तरी रबरातूनच हवा निघून जाते. तसेच प्लास्टिक, रबर, इपॉक्सी यांच्यातून पाण्याचे सूक्ष्म कण हळूहळू आत शिरतात. जाड थर दिला तर उशीर लागतो एवढेच. आणि शरीर म्हणजे काय? ३७ अंशांवरचे खारे पाणी, रात्रंदिवस, बारा महिने. आपल्याकडे गोदामाला निदान आठ महिने कोरडे मिळतात. शरीरात कायमचा आषाढ असतो.

आत शिरलेली वाफ नुसती वाफ म्हणून राहिली तर फारसे बिघडत नाही. तिचे पाणी झाले, त्यात मीठ मिसळले आणि त्यातच विजेचा दाब असला की धातू गंजतो, एका तारेवरचा धातू विरघळून दुसऱ्या तारेकडे सरकतो, आणि जिथे वीज जायला नको तिथे वाट तयार होते.

डबी बंद करण्याची तरकीब

१९६० साली अमेरिकेत बफेलो येथे विल्सन ग्रेटबॅच यांनी तयार केलेला पेसमेकर डॉ. चार्डॅक यांनी रुग्णांना बसविला. त्या काळी पाऱ्याचे सेल असत. ते काम करताना हायड्रोजन वायू सोडत. त्यामुळे डबी पक्की बंद करणे शक्यच नव्हते. वायूला बाहेर जायला वाट हवी, आणि जिथून वायू बाहेर जाणार तिथूनच ओल आत येणार. यंत्र जेमतेम दोन वर्षे चाले. पुढे लिथियम-आयोडीनचा सेल आला. त्यातून वायू निघत नाही. १९७२ साली इटलीत हा सेल असलेला पेसमेकर प्रथम बसविला गेला. आता डबी चोहोबाजूंनी वेल्ड करून टाकता येऊ लागली. टिटॅनियम धातूची डबी त्याच सुमारास वापरात आली आणि आजवर तीच चालू आहे. धातूतून पाण्याची वाफ जात नाही. म्हणूनच चिप्सच्या पुड्याला आतून चंदेरी थर असतो आणि साध्या पन्नीत ठेवलेला पापड मात्र सादळतो.

पावसाळ्यात गाठ बांधण्याचा अनुभव असलेल्यांना पुढची गोष्ट सांगायला नको. ओलसर हवेत पॅक केलेले कापड पॉलिथिनमध्ये कितीही घट्ट गुंडाळा, आतलीच ओल घडीवर बसून बुरशी धरते. बाहेरची ओल अडविणे हे अर्धे काम. आत ओल कोंडू न देणे हे दुसरे अर्धे. पेसमेकर बनविणारे यंत्राचे भाग आधी तापवून पूर्ण कोरडे करतात, कोरड्या वायूत ठेवूनच झाकण लेसरने वेल्ड करतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या बंद डब्यांसाठी एक जुना दंडक आहे की आतल्या वायूच्या दहा लाख भागांत पाण्याची वाफ ५,००० भागांपेक्षा जास्त नसावी. हा आकडा हवेतून आलेला नाही. वाफ इतकी कमी असेल तर डबी कितीही थंड झाली तरी तिचे दव होत नाही. झालेच तर गोठणबिंदूखाली बर्फ होते, आणि बर्फ गंजवीत नाही.

वेल्ड झालेल्या डबीची परीक्षा हेलियम वायूने करतात. हेलियमचा कण इतका बारीक की केसाच्या हजाराव्या हिश्श्याची फट असली तरी तो निसटतो आणि यंत्राला कळतो.

तरीही एक जागा नाजूक राहतेच. हृदयाकडे जाणारी तार डबीच्या बाहेर काढावी लागते. जुन्या काळी भिश्ती मशक घेऊन येत. मशकीचे कातडे फाटायचे नाही, गळती लागायची ती शिवणीला आणि तोंडाला. इथेही तसेच. ही तार धातूला चिकटू नये म्हणून तिच्याभोवती चिनीमातीच्या जातीचे, ॲल्युमिनाचे कडे बसवून ते सोन्याने डाखतात. सबंध डबीतील सर्वांत कसबी काम हेच होय.

चाचांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आता आपोआप मिळते. सेल या वेल्ड केलेल्या डबीच्या आत आहे. तो बदलायचा तर डबी कापावी लागेल. कापलेली डबी पुन्हा कारखान्याच्या दर्जाने कोरडी करून वेल्ड करणे ऑपरेशन टेबलावर होत नाही. म्हणून डबी पूर्ण बदलतात. हृदयापर्यंत गेलेली तार चांगली असेल तर तीच ठेवतात, नव्या डबीला जोडतात. घड्याळाला मागचे झाकण असते, याला नाही. आणि नाही म्हणूनच ते दहा वर्षे चालते.

बंद डबीचे काम किती पक्के असते याचा एक दाखला आपल्याच राज्यातला आहे. मुंबईत वांद्रे येथील होली फॅमिली रुग्णालयात, पैशाअभावी नवे यंत्र घेऊ न शकणाऱ्या ५३ रुग्णांना अमेरिकेतून दान आलेले वापरलेले पेसमेकर निर्जंतुक करून बसविण्यात आले. ते मयत व्यक्तींच्या शरीरातून, वारसांच्या संमतीने काढलेले होते. ज्यांची बॅटरी पुरेशी शिल्लक होती तेवढेच निवडले. हा अभ्यास अमेरिकेतील हृदयरोगाच्या मासिकात २०११-१२ च्या सुमारास छापून आला. त्या रुग्णांत संसर्ग किंवा यंत्र बिघडल्याचा प्रकार आढळला नाही. एका माणसाच्या शरीरात काही वर्षे राहून, बाहेर निघून, सातासमुद्रापलीकडे दुसऱ्याच्या शरीरात पुन्हा चालू होणे, हे आत ओल शिरली असती तर शक्य नव्हते.

हृदयावर चालणारे यंत्र

आता नातवाने वाचलेल्या बातमीकडे येऊ. बातमी खोटी नाही. हिशेबही पटण्यासारखा आहे. हृदय रक्त ढकलण्यासाठी साधारण एक वॅटची ताकद लावते आणि पेसमेकरला लागते वॅटच्या एक लाखाव्या हिश्श्याच्या आसपास. लाख रुपयांच्या उलाढालीतून एक रुपया बाजूला काढायचा, इतकेच काम. हा रुपया काढण्याचे तीन मार्ग शोधले गेले आहेत.

पहिला मार्ग ऑटोमॅटिक घड्याळाचा. आपल्यापैकी अनेकांनी एच.एम.टी.ची ऑटोमॅटिक घड्याळे वापरली आहेत. हात हलला की आतले वजन फिरते आणि चावी भरली जाते. स्वित्झर्लंडच्या बर्न विद्यापीठात ॲड्रियन झुरबुखेन आणि सहकाऱ्यांनी असेच घड्याळाचे यंत्र डबीत घालून जनावराच्या हृदयावर शिवले. २०१४ साली त्यांनी बॅटरीशिवाय डुकराचे हृदय मिनिटाला १३० ठोक्यांनी चालवून दाखविले. ओलीच्या दृष्टीने हा मार्ग सर्वांत सरळ, कारण हलणारी वस्तू आत आहे आणि डबी कडक धातूची ठेवता येते. पण हलत्या हृदयावर वजनदार डबी शिवणे, तेही आयुष्यभरासाठी, ही लहान बाब नव्हे.

दुसरा मार्ग गॅसच्या लायटरचा. खटका दाबला की आतल्या स्फटिकावर हातोडी बसते आणि ठिणगी उडते. दाबाने वीज देणारा हा गुण फ्रान्सच्या क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखविला. अशाच पदार्थाच्या केसापेक्षा बारीक पट्ट्या पातळ प्लास्टिकवर बसवून अमेरिकेत जॉन रॉजर्स, जानान दाग्देविरेन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये गाय व मेंढी यांच्या हृदयावर वीज काढून दाखविली. पट्टी हृदयाबरोबर वाकते, तेव्हाच वीज मिळते. या पदार्थात शिसे असते. म्हणजे इथे ओल आत जाऊ नये ही एक चिंता आणि शिसे बाहेर येऊ नये ही दुसरी.

तिसरा मार्ग मला सर्वांत जवळचा वाटला, कारण तो आमच्या गादीवर रोज घडतो. एप्रिल-मे महिन्यात नागपूरची हवा कोरडी ठणठणीत असते. पॉलिएस्टरचे थान झटक्यात उलगडले की चटचट आवाज येतो, हाताचे केस उभे राहतात, धूळ कापडाला चिकटते, आणि गिऱ्हाईक म्हणते की भैया, माल जुना आहे का? तेच थान जुलैत उलगडा. काही नाही. दोन वेगळ्या वस्तू एकमेकींना लागून सुटल्या की वीज साचते, हे सर्वांना ठाऊक आहे. जॉर्जिया टेक या अमेरिकेतील संस्थेत प्रा. झोंग लिन वांग यांच्या गटाने २०१२ साली याच घासणीच्या विजेपासून यंत्र चालविण्याची रीत मांडली. २०१९ मध्ये चीनमधील संशोधकांनी वांग यांच्यासह असे यंत्र मोठ्या डुकराच्या शरीरात बसवून त्यावर पेसमेकर चालविला.

मग जुलैत चटचट का होत नाही? दमट हवेत कापडाच्या अंगावर पाण्याचा अदृश्य पापुद्रा बसतो. त्यात थोडे क्षार असतातच. साचलेली वीज त्या पापुद्र्यावरून वाहून जाते. कापड गिरण्यांनी हा दोष गुण म्हणून वापरला. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ साली नागपुरात सुरू झाली. कापूस जवळ मिळत होता, पण हवा कोरडी; कोरड्या हवेत सूत तुटते आणि विजेने तंतू फिसकटतात. म्हणून तिथे हवेत दमटपणा सोडणारी यंत्रे बसविली गेली. आज त्या जागी मॉल उभा आहे. मोमिनपुऱ्यातील, कामठीतील आपल्या विणकरांच्या वडिलांनी माग खड्ड्यात बसविला तो याच ओलीसाठी. जमिनीलगत ताणा मऊ राहतो. अर्थात, विणकराला जी नमी हवी, तीच या यंत्राला मारक आहे. पाण्याचा पापुद्रा आत बसला की घासणीची वीज संपली.

इथे नफ्याचा गाळा पाहण्यासारखा आहे. २०१९ च्या त्या प्रयोगात हृदयाच्या एका हालचालीतून मिळालेली ऊर्जा ०.४९५ मायक्रोज्यूल होती आणि ठोका देण्यासाठी किमान ०.३७७ लागत होती. म्हणजे वर शिल्लक ०.११८, मिळकतीच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. ओलीने मिळकत एक चतुर्थांश खाल्ली की धंदा तोट्यात, आणि इथे तोटा म्हणजे चुकलेला ठोका.

अडचण नेमकी कोठे आहे

मग यालाही टिटॅनियमच्या डबीत का घालत नाहीत? कारण दुसऱ्या आणि तिसऱ्या मार्गात यंत्राने हृदयाबरोबर दबले, वाकले पाहिजे. कडक डबीत ते दबणार नाही, दबले नाही तर वीज नाही. मऊ आवरण द्यावे तर मऊ पदार्थातून वाफ जाते. धातू ओल अडवितो पण वाकत नाही, रबर वाकते पण ओल अडवीत नाही. सारा मसला एवढाच आहे.

कारागिरांना यावरचे उपाय वाचण्यासारखे वाटतील. पॅरिलीन नावाचे एक प्लास्टिक आहे. ते ब्रशने लावीत नाहीत, निर्वात पेटीत त्याची वाफ सोडतात. लोबानाची धुरी जशी कपड्याच्या घडीघडीत शिरते तशी ती वाफ प्रत्येक कोपऱ्यात जाऊन जमते आणि भोक न ठेवता पातळ थर देते. टेफ्लॉन आणि सिलिकॉन रबर यांचे थरही वर देतात. काही जण ॲल्युमिनाचा अतिशय पातळ थर आणि पॅरिलीनचा थर असे आलटून-पालटून चढवितात. एका थरातले सूक्ष्म छिद्र दुसऱ्या थरातल्या छिद्रासमोर येत नाही. विरळ कापड दुहेरी करून धरले की पलीकडचे दिसत नाही, त्यातलाच प्रकार. मात्र ॲल्युमिनाचा थर कडक खळ दिलेल्या कापडासारखा असतो, घडीवर मोडतो. आणि घड्या किती? मिनिटाला ७२ ठोके धरले तर दिवसाला १,०३,६८०. वर्षाला पावणेचार कोटींच्या वर. दहा वर्षांत जवळपास ३८ कोटी.

एक जुनी तरकीब मला फार आवडली. ब्रिटनमध्ये डोनाल्डसन नावाच्या संशोधकाने सिलिकॉन रबराचा उलटा विचार केला. सिलिकॉनमधून वाफ भरपूर जाते, हे मान्य, जाऊ द्या. पण ते आतल्या पृष्ठभागाला इतके घट्ट चिकटले पाहिजे की मध्ये पोकळीच नसेल. पोकळी नाही तर वाफेचे पाणी होणार कोठे? शर्टाच्या कॉलरला जे फ्यूजिंग लावतात त्याचा विचार करा. ते सगळीकडे चिकटलेले असेल तर दहा धुलाया झेलते. एका ठिकाणी डिंक सुटला की तिथेच फुगा येतो आणि तो वाढत जातो. म्हणून लेप देण्यापूर्वी सफाई हीच मुख्य गोष्ट. बोटाच्या घामाचा एक डाग राहिला तरी त्यातले मीठ पाणी ओढून घेते आणि थर उचलते. या रीतीने सिलिकॉनमध्ये बसविलेली मज्जारज्जूच्या रुग्णांची यंत्रे कित्येक वर्षे चालली आहेत. पण तिथे आवरणाला हृदयासारखे रात्रंदिवस वाकावे लागत नाही.

टिकाऊपणाची परीक्षाही आपल्या रंगाच्या परीक्षेसारखीच. रंग पक्का आहे का हे पाहायला आपण वर्षभर थांबत नाही, गरम साबणाच्या पाण्यात तुकडा उकळतो. तसे हे यंत्र गरम खाऱ्या पाण्यात ठेवतात. ढोबळ हिशेब असा की दर १० अंशांनी झीज दुप्पट होते. ३७ ऐवजी ६७ अंशांवर ठेवले तर आठपट. दहा वर्षांची परीक्षा सव्वा वर्षात होते. पण हा हिशेब अंदाजाचाच. उकळत्या पाण्यात टिकलेला रंग कधी कधी उन्हात उडतो, हे आपण पाहिले आहे. शरीरात पाण्याबरोबर इतरही पदार्थ असतात, यंत्राभोवती मांस धरते, आणि हे सगळे बरणीत दिसत नाही.

म्हणून नातवाच्या बातमीचे खरे स्वरूप असे आहे: वीज काढणे जमले आहे, वीज काढणारे यंत्र वर्षानुवर्षे कोरडे ठेवणे जमलेले नाही. वर सांगितलेले प्रयोग जनावरांवरचे आहेत आणि बरेचसे अल्प मुदतीचे. बाजारातला पेसमेकर बॅटरीचाच आहे. १९७० साली पॅरिसमध्ये प्लुटोनियमवर चालणारा पेसमेकर बसविला गेला होता. तो दशकानुदशके चाले, पण किरणोत्सारी वस्तू शरीरात बाळगणे आणि मृत्यूनंतर ती परत घेणे या भानगडीमुळे मागे पडला.

चाचांना मी एवढेच सांगितले की ज्या मालाची गाठ अजून गिरणीतून निघालेली नाही, तिच्या भरवशावर हातातला सौदा सोडू नये. पेसमेकर बदलण्याचा इशारा देतो त्यानंतर साधारण तीन महिन्यांचा अवधी धरलेला असतो; तो विचार करण्यासाठी नाही, ऑपरेशनची तारीख घेण्यासाठी आहे. तार जुनीच राहणार का, नव्या डबीचे आयुष्य किती वर्षे धरायचे आणि तपासणी किती महिन्यांनी, हे तीन प्रश्न डॉक्टरांना विचारावेत, आणि यंत्राचे कार्ड खिशात ठेवावे.

चाचांनी ऑपरेशन करून घेतले. तार जुनीच ठेवली गेली. काढलेली डबी डॉक्टरांनी त्यांना दाखविली. दुकानावर येऊन ते सांगत होते की नऊ वर्षे आत राहूनही ती चकचकीत होती, आणि नखाने चाचपडून पाहिले तरी तिचा सांधा हाताला लागत नव्हता.